नासायला ठेवलेलं रीळ

नंदलाल हेडाऊ यांनी उमेदीच्या काळात एकच काम केलं. नासणाऱ्या वस्तूला नासू दिलं नाही. अड्याळमध्ये तेव्हा घरोघरी माग चालत आणि दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येऊन चार रात्रींत निघून जाई. मुदत संपलेल्या चित्रपटांच्या प्रती नागपूरच्या गोदामात कुऱ्हाडीने तोडतात, हे या कोष्ट्याच्या पोराला एकदा कळलं आणि तेव्हापासून तो त्या प्रती मागून, विनवून, कधी सुताच्या गठ्ठ्यांत दडवून गावी आणू लागला. धान ठेवायच्या बांबूच्या ढोल्या त्याने आतून चुन्याने लिंपून घेतल्या, तळाशी कडुनिंबाचा पाला अंथरला आणि त्यावर रिळांचे डबे रचले. शनिवारी धानगिरणीच्या आवारात पडदा लागे. चित्रपट संपला की कुणालाही उठू द्यायचं नाही, आधी त्यावर बोलायचं आणि मग घरी जायचं, असा त्याचा नेम होता. बाया लेकरांना मांडीवर निजवून बोलत. जिल्ह्यात चित्रपट मंडळ म्हणावं असं पहिल्यांदा उभं राहिलं ते हेच.

ते एका हिवाळ्यात संपलं. नंदलाल नागपूरला दवाखान्यात होते आणि सगळे डबे तळ्याच्या पाळीवर जळाले. गावाला ठाऊक असलेली हकीकत अशी, की ताप डोक्यात चढलेला नंदलाल दवाखान्यातून पळून आला आणि त्याने स्वतःच्या हाताने सगळं पेटवलं. त्याचा जिवलग मित्र आणि मंडळाचं यंत्र चालवणारा केवळराम धावत गेला तोवर राख उरली होती. त्या राखेतून त्याने चांदी काढून घेतली, कारण जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या अंगात चांदी असते, आणि तिचा मुकुट घडवून गावदेवी मातामायला वाहिला. तेव्हापासून गाव त्या मुकुटापुढे वाकत होतं. केवळराम केवळबापू झाला आणि नंदलाल येडा झाला. त्यांनी पुन्हा माग धरला, उशिरा लग्न केलं, आणि सिनेमाचा शब्द घरात कधी काढला नाही.

हर्षा शाळेत ‘येड्या नंदलालची पोट्टी’ म्हणून वाढली. पुढे शिष्यवृत्त्या मिळवत ती परदेशी गेली आणि तिथे तिने नेमकं तेच शिकून घेतलं, नासत चाललेल्या फिल्मला पुन्हा उभं करणं. वडील वारले तेव्हा ती तिकडेच होती. दसऱ्याच्या सुमारास ती कायमची परतली. जगात कुठलीच प्रतिमा मरू देऊ नये, असं तिला मनापासून वाटे. बंद पडलेल्या धानगिरणीचं कार्यालय तिने झाडून घेतलं, फिल्मची छायाचित्रं घेणारं यंत्र तिथे मांडलं आणि बापाच्या नावाची पाटी लावली. पाटीखाली कुणीतरी कोळशाने गाढव काढून गेलं.

रीळ तिला घरातच सापडलं. न्हाणीत, पाण्याच्या रांजणामागे, जिथे भिंत बारा महिने ओली असते, तिथे एक गंजलेला डबा होता. झाकण उचकटताच आंबट वास नाकात शिरला. हा वास तिच्या ओळखीचा होता. फिल्म आतून कुजू लागली की तिला असाच, व्हिनेगरसारखा वास सुटतो, आणि एकदा सुटला की ती फिल्म फार काळ राहत नाही.

“ते राहू दे,” आई, राधाबाई, चुलीपासून म्हणाली.

“बाबांचं आहे?”

“राहू दे म्हटलं ना.”

हर्षाने ते राहू दिलं नाही. गिरणीत नेऊन तिने दिव्याच्या काचेवर फीत हलक्या हाताने उलगडली. फीत आक्रसली होती, कडा लाटांसारख्या वळल्या होत्या, तरी चित्र शाबूत होतं. तळ्याची पाळ, पाळीवर एक बैलबंडी, बंडीत डब्यांची रास. तरुण केवळराम एकेक डबा उतरवत होता, झाकण फिरवून काढत होता, आणि कोंबडीचं आतडं ओढावं तशी फिल्म बाहेर ओढून आगीत टाकत होता. एकदा जाळ उसळला आणि त्याच्या डाव्या हाताला लागला. त्याने हात तळ्यात बुडवला, झटकला आणि परत कामाला लागला. शेवटी त्याने मान वर केली, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलत पुढे येऊ लागला. ओठ बराच वेळ हलत होते. तो साधा, मुका कॅमेरा होता, आवाज टिपणारा नव्हे. तिथून पुढे बुरशीने चित्र खाल्लं होतं.

कॅमेरा गावात एकाच माणसाकडे होता. म्हणजे बाबा त्या दिवशी खरोखरच परतले होते, पाळीवर उभे होते, आणि डोळ्यांसमोर सगळं जळत असताना त्यांचा हात कुठेही हलला नव्हता.

संध्याकाळी तिने आईला विचारलं.

“मीबी इचारलं होतं, लगन झाल्यावर,” राधाबाई म्हणाली. “अडवलं काहून नाई म्हटलं त्या केवळ्याले. तर म्हने, हात कॅमेऱ्यावर होते.”

“आणि हे गावाला का नाही दाखवलं?”

राधाबाईने तांदूळ पाखडणं थांबवलं नाही. हर्षाने मात्र तेव्हाच ठरवलं, की मंडईच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, केवळरामला पहिल्या रांगेत बसवून हे रीळ दाखवायचं.

त्यासाठी केवळरामला पाहून येणं भाग होतं. तो पुढच्या खोलीत बाजेवर पडलेला होता, ऐंशीच्या पुढचा, वाचा गेलेली, डोळे छताला लागलेले. त्याची सून रत्नाबाई उशाशी बसून कपाळावर ओलं फडकं फिरवत होती. नंदलालची मुलगी दारात पाहून ती जरा गांगरली, पण तिने पाणी दिलं.

“मामाजी कोनालेच ओळखत नाई आता. डागदर म्हनते, दिवाळी पाहतीन तं पाहतीन.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आन् हा वास पाय ना, बाई. दोनदा आंग पुसून देते, धूप घालते. लोनच्याची बरनी फुटल्यावानी येऊन राहिला.”

हर्षाला तो उंबऱ्यावरच आला होता. सकाळी साबणाने तीनदा हात धुऊन तिने तोच वास घालवला होता. तिने हात नाकाशी नेऊन पाहिले. हाताला साबणाचा वास होता. ती बाजेजवळ वाकली. म्हाताऱ्याची कातडी आक्रसून हाडांवर लाटांसारखी वळली होती, आणि गालावर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कुणी सुईने ओढावी तशी एक सरळ रेघ होती.

हा मंडईच्या आधी जाता कामा नये, एवढंच तिच्या मनात आलं.

“जपा त्यांना,” ती म्हणाली, आणि रत्नाबाईचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला बसली. यंत्र एकेक चित्र उचलून संगणकावर ठेवी आणि ती त्यातली धूळ, डाग, ओरखडे पुसत जाई. फाटलेल्या जागी मागच्या-पुढच्या चित्रातला तुकडा आणून बसवावा लागतो, आणि तो असा बसवावा लागतो की तिथे कधी काही फाटलं होतं हे कळूच नये. केवळरामच्या चेहऱ्यावरून एक उभा ओरखडा लांबवर गेला होता. तो काढायला तिला दिवाळीपर्यंतचे दिवस लागले. बाहेर धान कापणी चालली होती, रस्त्याने भारे जात होते, आणि ती त्या माणसाचा गाल एकेका चित्रात इतक्या मायेने साफ करत होती, की तिची तिलाच कधी कधी शिसारी येई.

बसथांब्याजवळच्या हॉटेलात ती चहाला जाई. तिथे एका सकाळी सुखराम न्हावी पेटी मांडीवर घेऊन बसला होता.

“केवळबापूची दाढी करून आलो,” तो सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाला. “बुढ्याची दाढी काळी येऊन राहिली, बापा. आमची जवानीतच पांढरी झाली, आन् ह्याची जाता जाता काळी. सुनेले म्हटलं, कोनतं तेल लावता, आमालेबी सांगा. तं मलेच शिव्या देल्ल्या.”

“तू डोळे तपासून घे,” कुणीतरी म्हणालं. “मागच्या हप्त्यात माह्या मिशीची एकच बाजू ठेवली तुनं.”

“मिशी तुहीच वाकडी, मी काय करू. पन खरं सांगतो. गालावर ते जुनं वरखाडं होतं ना, वस्तरा अडकाचा तिथं. आज सरकन गेला. गाल कसा, नव्या नवरदेवाचा.”

बाक हसलं. हर्षाने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता.

त्याच दुपारी रत्नाबाई पदराखाली लाखोरीच्या भाजीची जुडी घेऊन गिरणीत आली. वास गेला होता. मामाजी उठून बसले होते. “तुमचा पाय घराले लागला आन् गुन आला,” ती म्हणाली. “एकच आहे, दिवसभर हात हालवत राहते. काई उचलल्यावानी करते, खाली ठेवते, पुन्ना उचलते. कायले करत असन?”

हर्षाने संगणकाचा पडदा तिला दिसू नये असा फिरवून घेतला. तिथे तरुण केवळराम बंडीतून डबे उतरवत होता. साफ झालेला भाग तिथवर होता.

तिचा विश्वास बसला नाही, आणि म्हणून तिने ते तपासून पाहिलं, जसं तिला शिकवलं होतं. झाकणं फिरवून काढण्याचा भाग तिने एका बैठकीत साफ केला. सकाळी ती मुद्दाम त्यांच्या घरावरून गेली. म्हातारा बाजेवर बसून रिकाम्या हवेत मनगट फिरवत होता. मग तिने एका हालचालीच्या मधेच, दोन्ही हात वर असताना, काम थांबवलं आणि यंत्र बंद करून घरी गेली. दुसऱ्या दिवशी रत्नाबाईचा पोरगा तेल आणायला धावताना दिसला. आजोबांचे हात कालपासून वरच होते, खाली येत नव्हते, आणि ते रडत होते.

हर्षाने परत जाऊन यंत्र लावलं. त्याचे हात खाली यावेत म्हणून आपण पुढे जातो आहोत, असं तिने स्वतःला सांगितलं. पण पुढचा भाग आगीचा होता हे तिला माहीत होतं. जाळाचं एकेक टोक तिने उजळलं. चित्र विटकं होतं, त्यात जाळ राखेसारखा दिसत होता. तिने त्याला त्याची धग परत दिली.

त्यानंतर केवळराम चालू लागला. रोज ऊन वर आलं की तो बाजेवरून उतरे आणि तळ्याच्या वाटेला लागे. वाटेवर कापणीचा पेंढा पसरलेला असे, तरी त्याच्या पावलांचा आवाज होत नसे. पाळीवर तो रिकाम्या हवेतून डबे उतरवी, उघडी, ओढी, टाकी. मग एकाएकी डावा हात झटकून तळ्यात बुडवी. त्या हातावर खरे फोड येत. रत्नाबाई घरी आणून त्यावर खोबरेल लावी आणि सकाळपर्यंत कातडी कोरी होई. मग पुन्हा तेच. चेहरा तरुण, केस काळे, आणि डोळे मात्र बाजेवरच्या म्हाताऱ्याचे. लोक सुरुवातीला पाहायला जमत, नंतर तळ्याची वाट टाळू लागले.

मंडईच्या संध्याकाळी गिरणीच्या आवारात हर्षाने घरच्या मागावरचं पांढरं कापड ताणून बांधलं. दंडारीच्या खेळाला जमलेलं गाव आधी इकडे आलं. केवळराम पहिल्या रांगेत होता. रीळ सुरू झालं तेव्हा काहीजण नेहमीप्रमाणे थट्टा करत होते, “येड्याच्या पोरीचा शिनेमा” म्हणून. डबे बंडीतून उतरू लागले तसा आवाज बसत गेला. पडद्यावरचा केवळराम आणि पडद्यापुढचा केवळराम एकाच वेळी वाकत होते, एकाच वेळी हात झटकत होते. चित्र संपलं तेव्हा कुणी उठलं नाही. कुणी बोललंही नाही.

सकाळी हर्षाच्या ओट्यावर लाल फडक्यात बांधलेला मुकुट होता. मातामायच्या डोक्यावरून तो कुणी उतरवला, हे गावात कुणी विचारलं नाही. राधाबाईने फडक्याची गाठ सोडली नाही. ती तशीच बाजूला सरकवून तिने ओटा झाडला.

त्याच दिवशी रत्नाबाई आली. या वेळी तिच्या हातात काही नव्हतं. ती दारातच खाली बसली.

“तुमचं खरं होतं,” ती म्हणाली. “सगळ्या गावानं पायलं. आता नंदलालबापूले कोनी येडं म्हननार नाई. मंग आता तं सोडा.”

“मी काय धरलंय?”

“मले नाई समजत बाई, काय धरलं ते. पन मामाजीचा वास गेला त्या दिसापासून त्याईचं मरन गेलं. मरनाले टेकलेला मानूस होता, सुटत होता. रोज हात जाळून घेऊन राहिला. येता येता तोंडातल्या तोंडात बोलते. एकडाव येऊन ऐकून तं घ्या, काय म्हनते ते.”

“मी ऐकून घ्यायला परत आले नाही, काकू.”

राधाबाई आतून बाहेर आली. हर्षाने तिला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“पोरी, ते रीळ तिथं पडून राहिलं नव्हतं. तुह्या बापानं ठेवलं होतं. ज्यानं दुसऱ्याईचे डबे चुन्यात, पाल्यात जपले, त्यानं हे एकच ओलीत ठेवलं. नासाले. मी एकडाव उनात ठेवाले काढलं तं हातातून घेतलं. म्हने, हे नासलं का केवळ्या सुटते. आन् मीबी सुटतो.”

हर्षाच्या समोर गिरणीतून घरी आणलेला संगणक उघडा होता. साफ केलेली सगळी चित्रं त्यात होती, फक्त त्यातच. परदेशातल्या तिच्या संस्थेने लिहिलं होतं, पाठवून दे, आम्ही न कुजणाऱ्या फितीवर नवी प्रत काढून थंड तळघरात ठेवतो. तिथे शेकडो वर्षं काही होत नाही. पाठवायचं की नाही, एवढंच उरलं होतं. पुसून टाकलं, आणि डबा पुन्हा रांजणामागे ठेवला, तर उन्हाळ्यापर्यंत सगळं संपलं असतं.

तिने बापाचा विचार केला. मागावर वाकलेली त्याची पाठ, शाळेतल्या हाका ऐकूनही न वळणारी. तो कुणासाठी थांबला होता, कुणाला क्षमा करत होता, हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. मग शेवटचा तुकडा, बुरशीने खाल्लेला, तिला दिसला. केवळराम पुढे येतो आहे, ओठ हलताहेत. तो तेवढाच साफ व्हायचा राहिला होता. मंडईच्या घाईत तिने तो सोडून दिला होता.

“बाबा सुटले नाहीत,” ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडी गावची बोली आली. “मंग त्यानं कायले सुटावं?”

त्या दोघी बसल्या असतानाच तिने तो तुकडा साफ करायला घेतला. रत्नाबाई ऊन उतरेपर्यंत बसून राहिली आणि मग निघून गेली. गावात एरवी रेंज नसते. त्या दिवशी होती. सगळं काही संस्थेकडे बिनअडथळा गेलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर हर्षा तळ्यावर गेली. आपण का जातो आहोत हे तिने ठरवलं नव्हतं. पाळीच्या ज्या उंचवट्यावरून चित्र घेतलं होतं तिथे ती उभी राहिली, कारण तिथूनच सगळं नीट दिसत होतं. केवळराम आला. त्याने डबे उतरवले, उघडले, ओढले, टाकले. हात जळाला, पाण्यात गेला. इतक्या जवळून, इतकं स्वच्छ, तिने काही पाहिलं नव्हतं. मग त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहून तो बोलत बोलत पुढे येऊ लागला.

रत्नाबाई पाळीखाली उभी होती. त्याचं बोलणं ऐकून तिने पदर तोंडावर धरला आणि ती हुंदके देऊ लागली. हर्षाला फक्त त्याचे ओठ दिसत होते. तो अगदी समोर येऊन थांबला, ओठ हलतच होते, आणि मग तो वळला, जिथे बंडी उभी असायला हवी तिथे परत गेला, आणि पहिला डबा उतरवू लागला.

असं तो पूर्वी करत नसे. पूर्वी तो घरी जाई.

आता निघावं, असं तिला वाटलं. डोळ्यावर ऊन येत होतं म्हणून तिने हात आडवा धरायचा विचार केला, आणि हात उचलला गेला नाही. तिला भीती वाटली नाही, थोडं नवल वाटलं. तिचे दोन्ही हात छातीपुढे होते, बोटं कॅमेऱ्यावर मिटावीत तशी घट्ट मिटलेली, आणि ते मुळीच थरथरत नव्हते. तळ्यावरून बगळ्यांचा थवा उठला, डोक्यावरून गेला. पंखांचा आवाज आला नाही. केवळरामने दुसरा डबा उतरवला.

पाळीच्या टोकाला राधाबाई येऊन उभी राहिली होती. ती लेकीकडे पाहत हाका मारत होती. तिचे ओठ हलताना हर्षाला दिसत होते.